घडी न मोडलेले गाणे

‘भरली ओंजळ’ हे गाणे सव्वा वर्ष राज्याच्या गीतक्रमवारीत पहिल्या स्थानावर होते, आणि ते कोणालाही गुणगुणता येत नव्हते.

ही गोष्ट लक्षात आली ती गीतक्रम मंडळाच्या वर्धापनदिनी. निवेदकाने उत्साहाच्या भरात माइक प्रेक्षकांकडे फिरवला आणि म्हटले, “आता सगळ्यांनी मिळून धृपद!” खचाखच भरलेले सभागृह प्रसन्नपणे हसले. टाळ्याही वाजल्या. धृपद मात्र कोणाच्याही तोंडून निघाले नाही. निवेदकाने ते स्वतःच म्हणून वेळ मारून न्यावी, तर त्यालाही ते येत नव्हते. गायिका त्या दिवशी घसा बसल्यामुळे आलेली नव्हती. शेवटी सनईचा तुकडा वाजवून पुढचा कार्यक्रम सुरू करण्यात आला.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे संचालक पिंगळे यांनी पडताळणी विभागाच्या प्रमुखाला, शाल्मली निकमला, बोलावून घेतले. शाल्मलीचे शिक्षण ध्वनिशास्त्रातले. मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा तिचा स्वभाव. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना तिने अंतरपाटाआडून भटजींचे घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहिले होते, असे तिची नणंद सांगत असे.

“मॅडम, तक्रार आलीय,” पिंगळे म्हणाले. “पहिल्या गाण्याची विक्री बनावट आहे म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“दुसऱ्या क्रमांकाचे लोक. आणखी कोण म्हणणार?”

“सर, ते गाणारी ऋतुजा निकम माझी नणंद आहे. हे काम मला देता येणार नाही.”

“तुमच्या अहवालावर बाहेरच्या माणसाची फेरतपासणी होईल, ती व्यवस्था केलीय. पण तुम्ही सासूबाईंच्या आजारपणात डॉक्टरांकडेसुद्धा पुरावा मागत होतात म्हणे. नणंदेला काय सोडणार?” पिंगळे हसले, मग गंभीर झाले. “वर्षाचं गाणं जाहीर व्हायचंय. ते त्यांना मिळालं, तर तीन वर्षं खऱ्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण. विक्रीत गोलमाल निघाला, तर कायमची बंदी. मधलं काही नाही.”

शाल्मलीने फाइल घेतली. ऋतुजा वाईच्या शाळेत संगीत शिकवत होती. पन्नाशी जवळ आली होती. खऱ्या वादकांबरोबर गाण्याची अशी संधी तिला पुन्हा मिळणार नव्हती, हे सांगायला कोणत्याही मोजमापाची गरज नव्हती.

*

इथे थोडे मागे जायला हवे.

यंत्रे मागाल तशी आणि मागाल तितकी गाणी रचू लागली, तेव्हा गाणे ही विकत घेण्याची वस्तूच उरली नाही. नळाच्या पाण्यासाठी कोणी दुकानात जात नाही. संगीतकंपन्या बुडण्याच्या बेतात असताना त्यांच्या मदतीला आला तो मानवी कान. कान केवळ आवाज ऐकत नाही, तो स्वतः अतिशय क्षीण आवाज करतोही. आतल्या शंखाकृती नलिकेतल्या केशपेशी बाहेरच्या नादाला प्रतिसाद देताना थरथरतात, आणि तो थरथराट उलट कानाबाहेर येतो. तो मोजता येतो. बोटांच्या ठशांप्रमाणे तो प्रत्येकाचा वेगळा असतो.

कानात बसणाऱ्या मण्याएवढ्या यंत्रात हे मोजमाप शक्य झाले आणि नव्या प्रकारची गाणी विकायला आली. गाणे गाणाऱ्यानेच गायलेले असे, पण विकत मिळे ती त्याची कोरी प्रत. पहिल्यांदा ऐकताना यंत्र श्रोत्याच्या कानाचा प्रतिसाद आणि नाडीचे ठोके मोजी, आणि गायकाने ठरवून दिलेल्या मर्यादेत गाणे त्याच्यासाठी बसवी. लय किंचित सैल होई, एखादा विराम लांबे, श्वास अधिक स्पष्ट होई. मग ती प्रत कायमची त्या कानाची. दुसऱ्याने ऐकली तर परक्याचा चष्मा लावल्यासारखे वाटे. लोक पुन्हा गाणी विकत घेऊ लागले, कारण आपले म्हणता येईल असे काहीतरी पुन्हा मिळू लागले होते.

पहिल्या ऐकण्याला मराठी ग्राहकांनी आपणहून नाव दिले : घडी मोडणे. नव्या लुगड्याची मोडतात तशी.

कानाचे मोजमाप ही वैद्यकीय माहिती ठरत असल्याने ती यंत्राबाहेर जाऊ देण्यास कायद्याने मनाई होती. त्यामुळे कोणी घडी मोडली आणि कोणी नाही, हे मंडळाला कळत नसे. मंडळाला दिसे ते एवढेच : कोरी प्रत कोणाकडून कोणाकडे गेली. दिलेली प्रतसुद्धा विक्रीतच धरली जाई. हा नियम कंपन्यांनी आग्रहाने करून घेतला होता, आणि त्या वेळी कोणालाही त्यात वावगे दिसले नव्हते.

*

रविवारी ऋतुजा भावाकडे जेवायला आली. भाऊ बाजारात गेला होता. नणंद-भावजय स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या.

“वहिनी, तू माझ्यामागे चौकशी लावलीयस म्हणे,” ऋतुजा म्हणाली. “आता बेड्या घालणार की आधी जेवू देणार?”

“आधी मटार सोल. कैद्यांना काम करावंच लागतं.”

ऋतुजा हसली. घसा अजून पूर्ण सुटला नव्हता. “खरं सांगू? मला त्या बक्षिसाचं एवढं काही नाही. म्हणजे आहे, खोटं कशाला बोलू. पण आई गेली तेव्हा वाटलं होतं, हे माझ्या एकटीचंच आहे. गाणं केलं ते कुणी ऐकावं म्हणूनसुद्धा नव्हे. आणि आता बघ. इतक्या माणसांनी ते घरी नेलंय. बसमध्ये शेजारी कुणी डोळे मिटून बसलं असेल, तर मला वाटतं, यानंही कुणाला तरी पोहोचवलं असेल.”

शाल्मली शेंगा सोलत राहिली.

“कार्यक्रमात मात्र ते कुणी म्हणायला सांगत नाही,” ऋतुजा पुढे म्हणाली. “दुसरी सांगतात. हे गाणं लोकांना एकट्यानंच ऐकायचं असणार. तू ऐकलंस तेव्हा तुलाही तसंच वाटलं ना?”

“हो,” शाल्मली म्हणाली. “छान आहे.”

हे ती दुसऱ्यांदा म्हणत होती. गाणे प्रसिद्ध झाले त्याच दिवशी ऋतुजाने तिला पहिली प्रत पाठवली होती. निवांत वेळ काढून नीट ऐकू, असे तिने ठरवले होते. सासूबाईंचे शेवटचे महिने याच घरात, तिच्याच हातून गेले होते. त्यांच्यावरचे गाणे भांडी आवरताना ऐकणे तिला बरे वाटले नव्हते. तो निवांत वेळ अद्याप यायचा होता.

*

बनावट विक्रीची पद्धत ठरलेली असते. काही खोटे ग्राहक निर्माण करायचे आणि तीच प्रत त्यांच्यात गोल फिरवायची. ‘भरली ओंजळ’च्या प्रती खरोखरच फिरत होत्या. एकेक प्रत पाच-पाच, दहा-दहा हातांतून गेली होती. शाल्मलीने त्या हातांची यादी काढली. मग तिने ग्राहक तपासले. ते खोटे नव्हते. त्यांना पत्ते होते, वयोवृद्ध आईवडील होते, विजेची बिले होती. कराड, परभणी, चिपळूण, जळगाव. सगळीकडची साधी, नांदती घरे.

अभिप्रायही तिने वाचले. ‘अप्रतिम.’ ‘मंगलमय वातावरण.’ ‘आमच्याकडून नवदांपत्याला.’ हजारो अभिप्रायांत गाण्यातला एकही शब्द उद्धृत केलेला नव्हता.

मग तिने विक्रीचा वर्षभराचा आलेख काढला. बाकीच्या गाण्यांचे आलेख शनिवार-रविवारी उंचावत आणि सोमवारी खाली येत. या गाण्याचा आलेख वारांना जुमानत नव्हता. मार्गशीर्षात तो चढला होता, वैशाखात कळसाला पोहोचला होता. अधिक महिन्यात त्याला एक स्वतंत्र शिखर होते. पितृपक्षात तो थेट शून्यावर आला होता (क्रमवारी तिमाहीच्या विक्रीवर ठरे, म्हणून पहिले स्थान तेवढे टिकले होते), आणि घटस्थापनेला पुन्हा उठला होता. शाल्मली पंचांग पाळणारी नव्हती, पण पंचांग म्हणजे शेवटी तारखांचा तक्ताच. तिने मुहूर्तांचे आणि जावयाच्या वाणाचे दिवस आलेखावर ठेवले. ते असे तंतोतंत बसले, की आपण कुठेतरी चूक केली असावी, अशी शंका येऊन तिने सगळे पुन्हा केले.

तिसऱ्यांदाही तेच आले, तेव्हा तिने एका प्रतीच्या प्रवासातले एक नाव निवडले आणि कराडची गाडी पकडली.

*

सुवर्णा माळवदे यांनी दार उघडले तेव्हा आत पुरणाचा वास होता. मंडळाचे नाव ऐकून त्या आधी घाबरल्या आणि मग, काही विकायला आलेले नाहीत एवढे कळल्यावर, मोकळ्या झाल्या.

“‘भरली ओंजळ’ना? होय की. फार गोड गाणं.”

“काकू, तुम्ही ते कधी ऐकलंत?”

“मी?” माळवदेकाकूंना प्रश्नच समजला नाही. “मी कशाला ऐकू? आमच्या यांच्या साडूंनी वास्तुशांतीला दिलं होतं.”

“मग ऐकलं का नाही?”

“अहो, इतकं चांगलं गाणं! त्याची घडी कशाला मोडायची? एकदा मोडली की संपलं, मग कुणाला देता येतंय होय? पुतणीचं लग्न तोंडावर होतं. ब्लाउजपीस हळदकुंकू लावून पुढे देतो तसं दिलं पुढे. नाव किती शुभ आहे, वर सनई आहे. वरचं चित्र तर बघा, ओंजळ आणि झेंडू. असं गाणं घरात असलेलं बरं असतं. ऐनवेळी धावपळ होत नाही.”

“पुतणीनं ऐकलं असेल?”

“ती कुठली! तिनं नणंदेच्या डोहाळजेवणाला दिलं.” माळवदेकाकूंचा चेहरा एकदम पडला. “आणि सांगू का, गेल्या महिन्यात आमच्या नातवाच्या बारशाला तेच फिरून आमच्याच घरी आलं. कुणाकुणाच्या हातून आलं देव जाणे. आता ते मी चुकून साडूंकडेच पाठवलं, तर काय लाज जाईल हो? तुमच्यात काही खूण करायची सोय नाही का? ब्लाउजपीसवर आम्ही कोपऱ्यात नाव टिपून ठेवायचो, कुणाकडून आला ते.”

शाल्मलीने पुरणपोळी खाल्ली, कारण नाही म्हणणे शक्य नव्हते. निघताना काकूंनी तिला कुंकू लावले आणि विचारले, “होय हो, त्या गाण्यात आहे तरी काय?”

“मलाही ठाऊक नाही,” शाल्मली म्हणाली. त्या दिवसभरात तिने उच्चारलेले ते सर्वांत अचूक विधान होते.

*

परतीच्या वाटेवर तिने अहवाल मनातल्या मनात बांधला. ग्राहक खरे, व्यवहार खरे, नियम पाळलेले. ‘गैरप्रकार आढळला नाही’ एवढे लिहिले तरी काम पुरे होत होते. तक्रारीत कारण विचारलेलेच नव्हते. कारण लिहिले, तर ते छापले जाणार. छापले, की कोणीतरी घडी मोडून पाहणार आणि लग्नाच्या आहेरात आपण काय देत आलो, हे सगळ्यांना कळणार. मग ते गाणे कोणीही घरात ठेवणार नाही, आणि नव्याने विकतही घेणार नाही.

न लिहिणे हे खोटे बोलणे नव्हते. पण बसमध्ये डोळे मिटून बसलेल्या माणसाकडे पाहून ऋतुजा जे समजत होती, ते खरे नव्हते. आणि एवढे कळून गप्प राहणे शाल्मलीला जमेना. ती वाईला उतरली.

शाळा सुटली होती. ऋतुजा संगीताच्या वर्गात पेट्या झाकत होती. शाल्मलीने सगळे सांगितले, जसे अहवालात सांगावे तसे, क्रमाने. मुहूर्त, पितृपक्ष, माळवदेकाकू. ऋतुजाने शेवटची पेटी झाकली आणि त्या झाकणावर हात तसाच ठेवून ती उभी राहिली.

“म्हणजे कुणीच नाही,” ती म्हणाली.

“ज्या प्रती अजून फिरतायत, त्या नक्की कुणी ऐकलेल्या नाहीत. ज्या थांबल्या, त्यांच्याबद्दल सांगता येत नाही. त्या ऐकल्या असतील किंवा कपाटात असतील.”

“वहिनी, तुझ्याकडची कुठं आहे?”

“तशीच आहे.”

“तू तर छान आहे म्हणालीस.”

“सगळेच तसं म्हणाले.”

ऋतुजा खिडकीशी गेली. मैदानात मुले आरडाओरडा करत होती. शाल्मलीला तिची फक्त पाठ दिसत होती. खांदे हलू लागले तेव्हा शाल्मली पुढे झाली, आणि मग तिला कळले, की ऋतुजा रडत होती खरी, पण अधूनमधून हसतही होती.

“आईचा तो जांभळा खण आठवतो?” ऋतुजा डोळे पुसत म्हणाली. “वीस वर्षं कपाटात. चांगला आहे, कुणाला तरी द्यायला होईल. आणि शेवटी माझ्यासाठी शिवायला काढला, तर शिंप्यानं उलगडताच घडीवर फाटला. एकदाही न घालता! तिच्यावरचं गाणं आणखी कसं असणार होतं?” ती वळली. तिचा आवाज बदलला. “आत्ता ऐक. माझ्यासमोर.”

“इथं?”

“निवांत वेळ मिळाला की ऐकते, हे ऐकून घ्यायला मी आता मोकळी नाही.”

शाल्मलीने कानात यंत्र घातले.

आधी सनई. ती सासूबाईंच्या लग्नातल्या जुन्या फितीवरून घेतलेली होती, हे तिला ठाऊक होते. मग नदीचा आवाज, आणि ऋतुजाचा. ओंजळीत होत्या त्या अस्थी. शब्द साधे होते :

नदी म्हणाली, सोड आता,
बोटे म्हणाली, थोडं थांब.

त्यानंतर गाणे थांबले. यंत्र आता काय करत असेल, हे शाल्मलीला नेमके माहीत होते. नाडी वाढली आहे, केशपेशींचा प्रतिसाद घटला आहे, विराम लांबवा. तिला ते सगळे माहीत होते आणि त्या माहितीचा तिला काडीचाही उपयोग होत नव्हता. शेवटच्या आठवड्यात सासूबाईंना पाणी चमच्याने पाजावे लागे. एकदा त्यांनी तिची बोटे धरून ठेवली होती, आणि डॉक्टरांचा फोन होता म्हणून तिने ती सोडवून घेतली होती. विराम चालूच होता. मग पाण्याचा आवाज हळूहळू पुन्हा आला.

गाणे संपले. ऋतुजाने हात पुढे केला. शाल्मलीने यंत्र काढून तिला दिले.

ऋतुजा आपलेच गाणे ऐकू लागली. परक्या कानासाठी बसलेले, म्हणून तिच्या कपाळावर आठी होती. मग ती आठी गेली.

“इथं मी इतकी थांबले नव्हते,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी दोनच मात्रा सोडल्या होत्या. पुढं लागेल तितकं असं मोकळं ठेवलं होतं. पण एवढं कुणाला लागेल, असं वाटलं नव्हतं.”

“मला लागलं,” शाल्मली म्हणाली.

ऋतुजाने तो भाग पुन्हा लावला. भावजयीकडे पाहत ती तो लांबलेला विराम शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“आता तू मंडळाला काय लिहिणार?”

“गैरप्रकार नाही, एवढं लिहिलं तरी चालतं. वर्षाचं गाणं तुझंच होईल. कारण लिहिलं तर विक्री थांबेल. बक्षीसही बहुधा जाईल. हे मी सांगायलाच हवं.”

“आणि वादक.”

“हो. वादकही.”

ऋतुजाने यंत्र तिच्या तळहातावर ठेवले आणि तिची बोटे मिटली. “मी गाणं केलं होतं, वहिनी. खण नव्हता विणला. तू सगळं लिही. ज्यांच्याकडे आहे, ते टाकून तरी देतील, नाहीतर घडी तरी मोडतील. मोडतील त्यांच्यातल्या कुणाकुणाला तरी थांबावं लागेलच की.”

*

अहवाल पानभराचा होता. पिंगळ्यांनी तो दोनदा वाचला, ‘शेवटचा परिच्छेद आवश्यक आहे का?’ असे विचारले, आणि उत्तर मिळण्याआधीच सही केली. तो परिच्छेद असा होता :

‘विक्री खरी आहे. ग्राहक खरे आहेत. कोणताही गैरप्रकार आढळला नाही. “भरली ओंजळ” हे आईच्या अस्थिविसर्जनाचे गाणे आहे. नाव, चित्र आणि सनई यांवरून ते मंगलप्रसंगी देण्याजोगे मानले गेले. ऐकलेली प्रत देता येत नाही, म्हणून ज्यांच्या हाती ते आले त्यांनी ते न ऐकता पुढे दिले, आणि असे प्रत्येक देणे विक्रीत मोजले गेले. गाणे पहिल्या क्रमांकावर असण्याचे कारण हेच आहे. प्रस्तुत अधिकाऱ्याकडील प्रतही सव्वा वर्ष कोरी होती. ती आता ऐकण्यात आली आहे.’